एंडोस्कोप सर्जनच्या हातातही हवा

आज म्हापशात एका आजींच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ लहान होती. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनात, आतडं बोटांनी चाचपता येत नाही आणि बाहेरून ते सगळीकडे सारखंच दिसतं. आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी, करताना गाठीजवळ काळी शाई टोचून ठेवली होती, म्हणून कुठून कापायचं ते लगेच कळलं.

गाठीचा भाग काढून आतड्याची दोन टोकं जोडल्यावर पोटात सलाईन भरलं, गुदद्वारातून लवचीक एंडोस्कोप (कॅमेरा असलेली नळी) आत नेला. जोड आतून डोळ्यांनी पाहिला, रक्तस्राव नव्हता. मग हवा सोडली. त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नाही, सगळे पाण्याकडे बघत असतात. बुडबुडे आले असते, तर जोड गळतोय हे कळून तिथल्या तिथे टाके घालता आले असते. एकही आला नाही.

बाहेर सत्तरीहून आलेला मुलगा उभा होता. "डॉक्टर, आयेला पिशवी लावली काय हो?" शौचासाठी पोटावर लावतात ती पिशवी नाही लावली, हे सांगताना मलाच भरून आलं.

एंडोस्कोपी हे गॅस्ट्रोवाल्यांचं, म्हणजे ऑपरेशन न करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांचं काम, असं अनेक तरुण सर्जन मानतात. मला ते अजिबात पटत नाही. 1969 मध्ये न्यूयॉर्कला कोलोनोस्कोपमधून पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली लहान गाठ) काढणारे शिन्या आणि वुल्फ सर्जनच होते. गिळता न येणाऱ्यांसाठी पोट न उघडता जठरात नळी बसवण्याची पद्धत 1980 मध्ये मांडणारे गॉडरर आणि पॉन्स्कीही सर्जनच.

आमच्या रेसिडेंटना (सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना) मी सांगितलंय, उद्याच्या स्कोपीच्या यादीला सकाळी माझ्यासोबत उभे राहा.