रापणीची होडी कागदावर उतरवताना

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी ठरवलं, मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, जलरंगात करायची आणि मनासारखी झाली तरच नेटवर टाकायची. त्याआधी टाकलेली चित्रं फुलांची, देवळांची, घरासमोरच्या माडांची होती. ती लोकांना आवडायची, पण मालवणात राहून रापण काढली नाही याची मला मनापासून खंत होती. त्या एका चित्राला पाच आठवडे लागले.

मी मेडिकलच्या दुकानात काम करते. साडेनऊला ड्युटी, म्हणजे सकाळ माझी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भूमिपूजनाची, १६६४ सालची जागा म्हणून दाखवतात तो मोरयाचा धोंडा याच किनाऱ्यावर आहे. फटफटायच्या आत मी तिथे पोचायचे. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. ओढणारा माणूस एका जागी राहत नाही, पण त्याची ढब तीच ती परत येते: टाच वाळूत रुतवलेली, अंग मागे टाकलेलं, मान खाली. एकाचं अर्धवट राहिलेलं रेखाटन मागून येणाऱ्यावर पुरं करता येतं. पहिला आठवडा मी फक्त पेन्सिल चालवली, रंगांची पेटी घरीच ठेवली. हे मी प्रत्येकाला सांगेन, कारण आपण सगळे रंगावर फार लवकर जातो.

रंगायला बसले आणि पहिलाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, फसला. आकाशावर ओला ब्रश फिरवला, तर ठिकठिकाणी गडद ठिपके उमटले, टीपकागदावर शाई पडावी तसे. रंग तोच, पाणी तेवढंच, ब्रश नेहमीचा. दोष कागदात होता. जलरंगाच्या कागदाला सायझिंग केलेलं असतं, म्हणजे जिलेटिनसारखा लेप. त्यामुळे रंग चटकन आत न मुरता वर थांबतो. माझे ३०० जीएसएमचे, म्हणजे जाड, चांगले कॉटनचे कागद अख्खा पावसाळा लाकडी कपाटात पडून होते. आपल्याकडच्या दमट हवेत तो लेप जागोजाग मेला होता. महागाचे आठ कागद गेले, त्या रात्री मला रडू आलं. तेव्हापासून नवा कागद आला की मी तो झिपच्या पिशवीत घालते आणि दुकानात औषधांच्या रिकाम्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाकते. जुना कागद वापरायच्या आधी मागच्या कोपऱ्यावर साधं पाणी लावून बघते. पाणी लगेच शोषलं जाऊन डाग गडद झाला, तर तो कागद फक्त रेखाटनाला.

दुसरं चित्र छान उतरलं. सकाळचा समुद्र निळा नसतोच, तो करडा असतो, आणि अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडं तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळलं की तो करडा मिळतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्याने पाण्याला आपोआप पोत येतो. आपल्या हवेत वॉश सुकायला वेळ लागतो, याचा मला फायदाच झाला: क्षितिजाची कड मऊ करायला भरपूर अवधी मिळाला. मी खूश होते. नेटवर टाकायच्या आधी चित्र घेऊन किनाऱ्यावर गेले आणि त्या होडीवरच्या तांडेलकाकांना दाखवलं.

ते बराच वेळ उलांडीकडे बघत होते. होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर जो ओंडका असतो तो. मग म्हणाले, "वासे नुसते ठेवलंस गो. बांधलंस खंय?"

खरंच, होडीवरून उलांडीपर्यंत जाणारे दोन आडवे वासे मी चितारले होते, पण ते जिथे बांधतात तिथे काहीच नव्हतं. काका मला होडीपाशी घेऊन गेले. वाश्याभोवती पांढुरक्या नायलॉनच्या दोरीचे घट्ट फेरे होते, एकावर एक. "खिळे मारणव नाय आमी. लाटेत ती जरा हलाक व्हयी." इतके दिवस मी होडीपासून वीस पावलांवर बसत होते आणि हे पाहिलं नव्हतं.

दोरी फिकी, लाकूड काळपट. तेलरंगात गडदावर फिकं चढवता येतं, पण पारदर्शक जलरंगात फिकं आधीच राखून ठेवावं लागतं. पांढरा पोस्टर कलर लावून फेरे काढता आले असते, पण तो खडूसारखा वर बसतो आणि नजर तिथेच अडकते. म्हणून चित्र तिसऱ्यांदा केलं, ते सहा फेरे कोरे ठेवून.

हे करताना मला सारखे हळदणकर आठवत होते. सावळाराम हळदणकर आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र आजही कित्येकांना राजा रविवर्म्याचं वाटतं. लहानपणापासून मी ते छापील पाहिलं होतं आणि तेलरंगातलं समजत होते. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्रासमोर उभी राहिले तेव्हा कळलं, हे जलरंग आहेत. छापलेल्या चित्रात किती हरवतं, ते त्या दिवशी उमगलं.

तोच प्रश्न माझ्यापुढे फोटो काढताना आला. आधी एका दुकानात स्कॅन करून घेतलं. पंधरा बाय अकरा इंचांचा कागद मशीनवर मावेना, दोन भागांत स्कॅन करून ते जोडले आणि आकाशातली फिकी पिवळी छटा साफ उडाली. मग मोबाइलने काढायला लागले. ट्यूबलाइटखाली कागद हिरवट दिसायचा, उन्हात पोताच्या सावल्या यायच्या. शिवाय कॅमेरा भरपूर पांढरं दिसलं की ते करडं करून टाकतो. शेवटी जमलं ते सुट्टीच्या दिवशी पडवीत, दहाच्या सुमारास, ऊन थेट येत नाही तिथे. कागद भिंतीला सपाट टेकवला, फोन त्याला समांतर धरला, स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवला. नंतर मूळ चित्र शेजारी धरून फोटोचा रंग जुळवला. जास्त उठावदार दिसावं म्हणून निळा भडक करायचा मोह होतो, तो मी आवरला. दांडीचा समुद्र त्या सकाळी तसा नव्हता.

चित्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी ते मोठं केलं, थेट उलांडीवर नेलं, फेरे पाहिले. "ही आमचीच होडी," म्हणाले, आणि फोन मागच्या माणसाकडे दिला. तिथून तो ओढणाऱ्यांच्या ओळीत हातोहात गेला. परत आला तेव्हा काचेवर वाळू आणि तारल्यांची खवलं चिकटलेली होती.