ताऱ्यांकडे निघताना किती माणसं न्यायची?

व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर धावतं. याच वेगानं 4.24 प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वात जवळचा तारा गाठायला सुमारे 75,000 वर्षं लागतील, म्हणजे 25 वर्षांची एक पिढी धरली तर 3,000 पिढ्या. पोहोचणारे लोक निघालेल्यांसारखे नसतीलच!

मला इंजिनापेक्षा जास्त काळजी जनुकांची वाटते. बंद वस्तीत दर पिढीला साधारण 1/(2N) इतकी जनुकीय विविधता गळते. इथे N म्हणजे डोकी नव्हेत, तर प्रजननात भाग घेणाऱ्यांची प्रभावी संख्या. ती 100 असेल तर 100 पिढ्यांत जवळपास 40 टक्के विविधता जाते. 1,000 असेल तर फक्त 5 टक्के. काहींना मूलच नसतं, काहींना चार असतात, त्यामुळे प्रत्यक्षात माणसं याहून बरीच जास्त न्यावी लागतील.

गोठवलेले शुक्राणू आणि भ्रूण सोबत न्यावेत, पण गोठलेल्या पेशी डीएनएची दुरुस्ती करत नाहीत. वैश्विक किरणांची इजा साठतच जाते. म्हणून गोठवलेल्या पेशींची ही पेढी किरणं अडवणाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध हवी.

वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, म्हणून वस्ती स्वतःभोवती फिरती ठेवावी: 224 मीटर त्रिज्या, मिनिटाला 2 फेरे, की पृथ्वीइतकं वजन जाणवतं. त्रिज्या कमी केली तर फेरे वाढवावे लागतात आणि मान वळवली की गरगरतं.