हे वाक्य कुणाचं?

आमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कोल्हापूरचा पावसाळा. शिकागोजवळच्या आमच्या गावात शाळा मे संपताना सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला भरतात, त्यामुळं माहेरपण पडतं ते जुलैतच. यंदाही आलो आणि चौथ्या दिवशी झड लागली. मंगळवार पेठेतलं घर, सोप्यात दोरीवर न वाळणारे कपडे, आणि आण्णांचं दर दोन तासांनी "राजाराम बंधाऱ्याला किती झालं गं?" पंचगंगेचं पाणी तिथं ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. इतकी वर्षं तिकडं राहूनही हे आकडे मी विसरलेले नाही.

अशात लेकीच्या शाळेचा कागद आला. ती यंदा नववीत जाणार, म्हणजे तिकडच्या हायस्कूलचं पहिलं वर्ष. इंग्रजीचा जरा अवघड वर्ग तिनं घेतलाय. त्या मुलांना सुट्टीतच एक कादंबरी वाचून त्यावर परिच्छेद लिहून पाठवायचा असतो. सोबत वर्गाच्या अपेक्षा आणि वर्षभराची उद्दिष्टं, अशी तीन पानं, आणि शेवटी मुलीची व पालकांची सही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी प्रिंट काढून आणली, कारण आण्णांना मोबाइलवर वाचवत नाही, आणि इंग्रजीचा कागद घरात आलाय म्हटल्यावर त्यांना न दाखवून चालणारच नव्हतं. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलंय त्यांनी.

पहिल्या पानावर विशेष काही नाही. वेळेवर या, मोबाइल दाराजवळच्या खणात ठेवा, उशिरा दिलेल्या कामाचे रोज दहा टक्के कापले जातील, समास एक इंचाचा आणि अक्षर बारा पॉइंटचं. एक गोष्ट मात्र आण्णांनी दोनदा वाचली. निबंधाला कमी गुण पडले तर बाईंशी बोलून तो पुन्हा लिहिता येतो, आणि दुसऱ्या खेपेचे गुण धरले जातात. "पुन्हा लिहायला मिळतंय?" ते म्हणाले. "आमच्या पोरांना मार्चमध्ये एकदाच संधी असायची. मग थेट ऑक्टोबर."

मला खटकलं ते दुसरं पान. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून दिलं तर शून्य. इथवर ठीक. पुस्तकातून, इंटरनेटवरून, एआयकडून, हेही ठीक. पण त्यापुढं लिहिलंय की घरातल्या मोठ्यांनी वाक्यं दुरुस्त करून दिली तरी ते विद्यार्थ्याचं लेखन धरलं जाणार नाही. प्रश्न विचारा, ऐका, पण पेन हातात घेऊ नका. लेखन गूगल डॉक्सवरच करायचं, म्हणजे कुठलं वाक्य कधी टाइप झालं, कुठं एकदम सबंध परिच्छेद येऊन पडला, हे बाईंना मागं जाऊन बघता येतं.

हे वाचताना माझे कान तापले, कारण गेल्या वर्षीची जखम अजून ओली आहे. आठवीत लेकीनं एक परिच्छेद लिहिला होता. रात्री झोपायच्या आधी मला दाखवला. मी तीन वाक्यं नीट केली. फक्त तीन. एका ठिकाणी शब्द बदलला, दोन ठिकाणी जोडवाक्य केलं. चार दिवसांनी तिच्या बाईंनी समासात लिहून पाठवलं की ही भाषा तुझी वाटत नाही, मला तुझं ऐकायचंय. लेक माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी रात्रभर जागी. चोरीचा आळ माझ्या पोरीवर आला होता आणि तो माझ्यामुळं आला होता. दुसऱ्या दिवशी मी बाईंना भलंमोठं पत्र लिहिलं, आमच्याकडं मुलांच्या अभ्यासात आई-बापांनी लक्ष घालणं याला संस्कार म्हणतात, असं. त्यांचं उत्तर अगदी सौजन्याचं होतं, पण त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. ती तीन वाक्यं माझ्यामुळं चांगली झाली होती, हे मला आजही वाटतं.

तिकडच्या बाईंना हे कसं सांगावं, की आम्ही इंग्रजी शिकलो तेच मुळी दुसऱ्याच्या वाक्यांवर? आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. वर्गात सत्तर पोरं, एका बाकावर चौघी. शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडायचं ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. कुठल्या जोरावर आम्ही 'स्वतःचा आवाज' काढणार होतो? आधी दुसऱ्याचं वाक्य तोंडात घोळवायचं, त्याची चाल अंगात मुरवायची, मग वर्षा-दोन वर्षांनी त्यातला एखादा शब्द काढून आपला घालून बघायचा. पाठांतराला आज सगळेच नावं ठेवतात. पण त्या सत्तरांतली कितीतरी पोरं ते पाठ केलेलं घेऊन बँकेत, एसटीत, फौजेत, आणि माझ्यासारखी काही साता समुद्रापार पोचली. पस्तीस गुणांची ती वेस आण्णांनी वर्गात फळ्यावर लिहून दिलेल्या निबंधांशिवाय निम्म्या वर्गाला ओलांडता आली नसती.

आणि आण्णांनाही कुणी आयतं दिलं नव्हतं. गगनबावड्याकडच्या खेड्यातला पोरगा. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं उभी केली म्हणून आमच्यासारख्या घरातल्या पोरांना इथं राहून शिकायची वाट झाली. आण्णाही असेच एका बोर्डिंगात राहिले. करवीर नगर वाचन मंदिरातून इंग्रजी पुस्तकं आणायची आणि आवडलेलं वाक्य वहीत उतरवून ठेवायचं, ही त्यांची सवय. १८५० सालचं ते वाचनालय. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत.

तरीही उद्दिष्टांचं तिसरं पान वाचून मी गप्प झाले, हे कबूल करायला हवं. अमेरिकेत २०१० साली 'कॉमन कोअर' म्हणून इयत्तावार उद्दिष्टं ठरली आणि आमच्या इलिनॉय राज्यानं ती त्याच वर्षी घेतली. नववी-दहावीचा गट एकच. वाचन, लेखन, बोलणं-ऐकणं आणि भाषा असे चार भाग. वाचनाचं पहिलंच उद्दिष्ट असं, की जे म्हणाल त्याला मजकुरातला भक्कम पुरावा द्या. लेखनातलं एक तर मी आण्णांना मराठी करून सांगितलं. आपला मुद्दा मांडताना विरुद्ध बाजूचा मुद्दाही न्यायानं मांडायचा, दोन्हींना पुरावे द्यायचे, दोन्हींतलं बळ आणि उणेपण दाखवायचं, आणि वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे, त्याला कशाची काळजी वाटते, हे लक्षात ठेवून लिहायचं. हे चौदा वर्षांच्या मुलांकडून मागतायत! माझ्या आख्ख्या शिक्षणात समोरच्याची बाजू न्यायानं मांड असं मला कुणी सांगितलं नाही. बाईंना पाठवलेलं ते पत्र मला आठवलं. त्यात त्यांच्या बाजूची एक ओळ नव्हती.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण एका वर्गात पोरं किती?" मी म्हटलं सव्वीस. "मग जमंल," एवढंच बोलून त्यांनी कागद बाजूला ठेवला.

संध्याकाळी पाऊस वाढला, लाइट गेले. लेकीनं आजोबांना सहज विचारलं, तुम्ही मुलांना काय पाठ करायला लावायचात? त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला विचार. 'पावसाळ्यातला एक दिवस' म्हण बघू." आणि मी म्हटला. तीस-बत्तीस वर्षं झाली, पण इंग्रजीतला तो निबंध पहिल्या ओळीपासून धडाधड आला. मधे एक वाक्य आहे, मराठीत सांगायचं तर, 'रंकाळ्याच्या पाण्यावर पाऊस बारीक टाके घालत होता, आणि आम्ही छत्री मिटून ते बघत उभे राहिलो.' लेकीनं मला तिथंच थांबवलं.

"हे कुणाचं आहे?"

"गाईडातलं असेल," मी म्हटलं. मला आयुष्यभर तसंच वाटत होतं. आण्णा फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, कुठून आलं हे विचारायची पद्धतच नव्हती.

"गाईड पुण्या-मुंबईत छापतात ना? मग त्यात रंकाळा कसा?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि आजोबा रंकाळ्यावर नेहमी छत्री मिटतात. परवा भुरभुर होती तेव्हाही मिटली. आपण तिघं भिजलो."

आण्णा मेणबत्तीची वात सरळ करत होते. "मीच लिहायचो," ते म्हणाले. "दर वर्षी जूनमध्ये बसून आठ-दहा. गाईडातले निबंध पोरांना कळायचे नाहीत. त्यात हिमवर्षाव, त्यात रेल्वेचं मोठं जंक्शन. आपल्या पोरांनी ते कुठं बघितलंय?"

"मग खाली नाव का नाही घातलं?"

"पोरांच्या पेपरात माझं नाव कशाला?"

त्यावर ती काही बोलली नाही. मीही नाही. दर मार्चला त्यांच्या हाताखालची सगळी पोरं रंकाळ्याच्या पाण्याला टाके घालत होती, आणि ते शिवणारा माणूस घरी परीक्षेच्या ड्यूटीचं वेळापत्रक लावत बसलेला. पुस्तकात सुंदर वाक्य दिसलं की वहीत आवृत्ती आणि पान लिहून ठेवणारा हा माणूस, स्वतःच्या वाक्याला मात्र त्यानं नाव लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं सुट्टीचा परिच्छेद पुरा केला आणि आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवला. लाल पेन त्यांच्या खिशालाच होतं. एका वाक्यापाशी माझा हात शिवशिवला, तिथं 'बट' दोनदा आलंय. मी तोंड मिटून बसले. आण्णांनी फक्त एक विचारलं, "ती मुलगी घाबरली होती असं तू म्हणतीस. कुठं लिहिलंय?" लेकीनं पुस्तक उघडून पान दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मागचं एक पानही वाचलं. "बरोबर," ते म्हणाले.

तिसऱ्या पानाच्या तळाशी पालकांसाठी एक चौकट आहे. तुमच्या पाल्याबद्दल मला काय ठाऊक असावं, ते तुमच्या शब्दांत लिहा. दरवर्षी मी तिथं दोन ओळी खरडते, मेहनती आहे, वाचायला आवडतं. या खेपेला चौकट पुरली नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर गेले. आमच्या घरात इंग्रजी कशी आली ते लिहिलं. गेल्या वर्षीची तीन वाक्यं माझी होती, तिची नव्हती, हेही लिहिलं. आणि शेवटी रंकाळ्याचं वाक्य, अवतरणचिन्हांत, खाली आण्णांचं पूर्ण नाव, कोल्हापूर, १९९३.

मग कागद आण्णांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, सगळं सावकाश वाचलं, नावावरून बोट फिरवलं. उघडलेलं अवतरणचिन्ह नीट बंद झालंय ना ते बघितलं, आणि सहीसाठी मला स्वतःचं पेन दिलं.