समासातली पेन्सिल

गवयाचं चरित्र ग्रंथालयात कुठल्या कपाटात ठेवायचं, यावर आमच्याकडे दोन पिढ्या वाद चालू आहे. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्युई पद्धतीतल्या जुन्या आकड्यांप्रमाणे ९२७.८ म्हणजे संगीतकारांची चरित्रं आणि ७८० म्हणजे संगीत. आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी यातलं काहीच मानलं नाही. खिडकीकडचं एक लाकडी कपाट रिकामं करून त्यावर त्यांनी 'गाणं' अशी पाटी लावली आणि भातखंड्यांच्या 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'पासून नाटक मंडळींच्या आठवणींपर्यंत सगळं त्यात कोंबलं. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक. पण आमचं वाचनालय गिरगावात आहे आणि गिरगावात गाणं आणि गाणाऱ्यांची आयुष्यं कधी वेगळी नांदलीच नाहीत. वाळकेश्वरला जन्मलेले संगीतशास्त्रकार भातखंडे वकिली करता करता चिजा, म्हणजे बंदिशी, गोळा करत होते ते याच मुंबईत. गवई विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०८ साली आपली गाण्याची शाळा, गांधर्व महाविद्यालय, आणलं ते मुंबईला. देवधर मास्तरांची गाण्याची शाळा १९२५ पासून ऑपेरा हाऊसच्या बाजूला, आणि लहानगा कुमार गंधर्व शिकायला आला तो तिथेच. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले तेही मुंबईतच. तेव्हा 'गाणं' ही पाटी मी कधी काढली नाही.

त्या दिवशी मात्र ते कपाट रिकामं करायचं होतं. निर्लेखन होतं.

बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो. वाचनालयात पुस्तक आलं की दाखलनोंद वहीत त्याला अंक मिळतो आणि त्या अंकानिशी ते आमच्या गळ्यात पडतं. हरवलं, वाळवीने खाल्लं, कुणी फाडलं तरी वहीत ते जिवंतच. ते रीतसर मारायचं तर याद्या, कार्यकारी मंडळाचा ठराव, वहीत लाल शाईची रेघ, पुस्तकावर 'बाद'चा शिक्का आणि मग रद्दीवाला, असा सगळा सोपस्कार. आमच्याकडे हे बरीच वर्षं तुंबलं होतं. गेल्या पावसात छत गळलं, सभासद बहुतेक डोंबिवली-विरारला गेले, चाळी पाडून टॉवर उभे राहतायत; जागा कमी करा, असा मंडळाचा लकडा होता.

निकष खजिनदारांनी ठरवले होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, वाचनाला यथातथा. दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक बाद. दुसरी प्रत असेल तर ती बाद. आणि 'लिहून खराब केलेली आधी काढा हो, शोभा जाते कपाटाची.'

सकाळी पहिलं हातात आलं ते गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग'. १९३९ सालचं पुस्तक. टेंबे म्हणजे पेटीतला, हार्मोनियममधला माणूस. 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, 'अयोध्येचा राजा' चित्रपटातला हरिश्चंद्र तेच, आणि भास्करबुवा-अल्लादियाखाँसारख्या गवयांचा सहवास लाभलेले. आमची प्रत पुनर्बांधणीची आहे. जाड पुठ्ठा, निळं कापड, आत जुज, म्हणजे पानांचे जुडगे, शिवलेले, आणि खळीत मोरचूद घातलेलं असणार, कारण शेजारच्या कादंबऱ्यांची चाळण झाली होती तरी याला कसर शिवली नव्हती. तारीखपट्टीवरचा शेवटचा शिक्का मात्र फार जुना. नानांच्या निकषात पुस्तक चपखल बसत होतं. बादच्या गठ्ठ्यावर ठेवण्याआधी सवयीने पानं सोडून बघितली, तर पेटीबद्दलच्या मजकुराशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'आता रेडिओवर पेटी नाही. यांना काय वाटत असेल?'

कडक पेन्सिल, बारीक टोक, बाळबोध वळण. अक्षर इतकं फिकट की पान उजेडाकडे तिरकं धरावं लागत होतं. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे मला माहीत होतं. ज्याने पेटीला मैफलीत मान मिळवून दिला त्याच्याच पुस्तकात कुणीतरी ही बातमी त्याच्या काळजीने लिहून ठेवली होती. टेंबे १९५५ साली गेले. लिहिणारा त्यांना 'वाटत असेल' म्हणतो, म्हणजे ही ओळ त्याआधीची.

मग मी कपाटातली बाकीची पुस्तकं उघडायला लागले. निर्लेखन राहिलं बाजूला. देवधर मास्तरांच्या 'थोर संगीतकार'मध्ये तेच अक्षर. भातखंड्यांच्या 'पद्धती'तल्या गुरुशिष्य-संवादात तेच. एका नटाच्या आठवणींत तर समासात नुसती उद्गारचिन्हं, आणि एके ठिकाणी 'हे तिसऱ्यांदा सांगितलं'.

'कोण हा महाभाग?' नानांनी चष्मा वर करून विचारलं. 'पुस्तकावर खुणा करू नयेत असा शिक्का आहे ना पहिल्या पानावर? त्या शिक्क्यावरसुद्धा टीप असेल याची.'

टीप नव्हती. पण वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'त जे होतं त्याने मी खाली बसले. हे १९६१ सालचं पुस्तक. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि गायकीच्या घराण्यांचा, म्हणजे परंपरांचा, विचारही त्यांनी ताळेबंदासारखा मांडला: एका बाजूला स्वर, दुसऱ्या बाजूला लय. किराणा घराणं स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, आणि जयपूर दोन्हींचा तोल सांभाळणारं. त्यांचं माप जयपूरच्या पारड्यात जरा जड पडतं, असं तेव्हापासून म्हणतात. आमच्या या पेन्सिलवाल्याने त्यावर वाद घातला नव्हता. त्याने मोजलं होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारून तक्ता केलेला. वार, घराण्याचं आद्याक्षर, ताल, आणि शेवटच्या रकान्यात एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, लागलेले सेकंद. 'कि. एकताल ५१. ज. त्रिताल २०. आ. तिलवाडा ३४.' अशा ओळींवर ओळी. गवयाचं नाव कुठेच नाही. काही आकड्यांपुढे 'घड्याळ पुढे' किंवा 'मध्ये बातम्या'.

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रणं लावली आणि स्टॉपवॉच धरलं. डब्यातली भाजी तशीच राहिली. किराण्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल खरोखरच पन्नासच्या आसपास रेंगाळत होता, आणि जयपूरचा त्रिताल त्याच्या निम्म्याहून कमी वेळात समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत होता. जयपूरवाले फार सावकाश जातच नाहीत. आवर्तन आटोपशीर ठेवायचं आणि त्यात दमसासाने गुंफलेली बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची, हा त्यांचा खाक्या. पुस्तकात ते शब्दांत होतं. तक्त्यात ते भिंतीवरच्या घड्याळाने तपासलेलं होतं.

तक्त्याच्या खालची ओळ वाचली आणि नानांना हाक मारली. 'तोडी. विलंबित संपेतो डाळ शिजली. द्रुत धरली आणि उतू गेली.' त्याखाली: 'हे आले. बंद.'

नानांनी दोनदा वाचलं. 'म्हणजे बाई आहे की ही!' मग थोडं थांबून, 'हे आले म्हटल्यावर बंद का केला असेल रेडिओ?' 'तुम्ही घरी गेलात की काय बंद होतं, ते वहिनींना विचारा,' मी म्हटलं. ते हसले, पण त्या दुपारी परत 'महाभाग' म्हणाले नाहीत.

आमच्याकडे पूर्वी शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणतात. देवघेवीच्या खिडकीवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी संध्याकाळी पेपर वाचायला येतात. त्यांना पान दाखवलं तर अक्षर लगेच ओळखलं, कारण हेच अक्षर त्यांनी चिठ्ठ्यांवर पाहिलं होतं. एक मुलगा कापडी पिशवीत पुस्तक घालून यायचा, आत चिठ्ठी: 'गाण्याचं दुसरं काही असल्यास द्यावे. हे वाचलेले आहे.' बाई स्वतः कधी आल्याचं मामांना आठवत नाही. सभासदत्व अर्थातच यजमानांच्या नावावर. 'आणि मामा, पेन्सिलीचा दंड कधी लावला नाहीत?' 'कशाला?' मामा म्हणाले. 'परत येताना पुस्तक कधी दुमडलेलं नसायचं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून यायचं. पेन्सिल काय, खोडता येते.'

जुन्या वह्या काढून सभासद क्रमांकाचा माग काढला. पत्त्याची चाळ आता पत्र्यांच्या आडचा खड्डा आहे. यजमानांचं नाव मिळालं. त्या बाईंचं मिळालं नाही, मिळण्याची सोयच आमच्या वह्यांत नाही.

मला या कपाटातली पुस्तकं आवडतात, तरी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. मराठीत गवयांवर जितकं प्रेमाने लिहिलंय तितकं क्वचितच कुठे असेल. पण लिहिणारे बहुतेक बैठकीत पुढच्या रांगेत बसणारे. शिष्य, साथीदार, मैफलीचे यजमान, स्नेही. त्यामुळे चरित्रात गुरुसेवा असते, बुवांचा लहरीपणा असतो, चीज न सांगणारे उस्ताद असतात, दाद देणारे संस्थानिक असतात. तारखा कमी, आख्यायिका फार. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं गायलं गेलं, त्या सामान्य ऐकणाऱ्याला त्यात जागा नाही. बायकांना तर पडद्याआडचीही नाही. जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाई स्वतः वारल्या. त्या रेकॉर्डचा माग आपण सूर्यमालेबाहेरपर्यंत ठेवला. पण चाळीतल्या दोन खोल्यांत रेडिओ लावून तेच घराणं ऐकणाऱ्या बाईला त्यातलं काय कळत होतं, हे कुणी विचारलं? तिनेच सांगितलं, न विचारता, आणि तेही आमच्या नियमाविरुद्ध.

संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मी मांडलं की पेन्सिलीच्या खुणा असलेली ही सगळी पुस्तकं निर्लेखनातून वगळून बंद कपाटात ठेवावीत आणि वाचनालयातच बसून वाचायला द्यावीत. विरोध झाला. एक म्हणाले, उद्या प्रत्येक जण समासात लिहील आणि आम्हालाही राखून ठेवा म्हणेल. दुसऱ्यांचा मुद्दा खरा होता: अनुदानाच्या तपासणीला निरीक्षक येतात तेव्हा खराब पुस्तकं का राखली याचं उत्तर काय द्यायचं? तिसऱ्यांनी सुचवलं, चांगल्या खोडरबराने पुसून घ्या, पुस्तकं स्वच्छ होतील, वादच मिटेल. ही सूचना त्यांनी मदत म्हणूनच केली होती.

नाना गप्प होते. 'घरंदाज गायकी' त्यांच्यासमोर पडलं होतं आणि ते तक्त्याचे सेकंद बोटाने खाली खाली वाचत होते, बँकेत बेरीज तपासावी तसे. मग त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला, पुस्तीपानावर, निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात दुसऱ्याच कुणी वाचकाने लिहिलं होतं: 'घड्याळ लावून गाणे कळत नसते.' मी दुपारी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. आणि त्याच्याखाली, बारीक, फिकट, बाळबोध: 'घड्याळ न लावताही तुम्हाला कळलेले दिसत नाही.'

म्हणजे तिने तेच पुस्तक परत मागवलं होतं. तारीखपट्टी पाहिली, दोन शिक्क्यांच्या मध्ये पावसाळा आणि दिवाळी गेलेली. उत्तर आलंय का ते बघायला की आणखी आकडे भरायला, कोण जाणे.

नानांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि स्वतःच इतके हसले की चहा आणणारा पोरगा दारात थांबला. 'हे पुसायचं नाही,' ते म्हणाले. 'रबर घेऊन कुणी आलाच तर आधी माझ्याशी गाठ.' खोडरबरवाले सभासद जरा वरमले. ठराव झाला. तपासणीसाठी कारण म्हणून 'दुर्मीळ' हा शब्द नानांनीच सुचवला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टेंब्यांची ती प्रत तशीही सहज मिळत नाही.

त्या रात्री बाद झाली ती स्पर्धा परीक्षांची कालबाह्य गाइडं, संगणकाची जुनी पुस्तकं आणि एका माजी अध्यक्षांनी स्वखर्चाने छापलेल्या काव्यसंग्रहाच्या उरलेल्या प्रती. रद्दीवाल्याने काट्यावर घालताना त्यातली एक उघडून बघितली आणि म्हणाला, 'बाई, ही कोरीच आहेत सगळी.'