मंकचा जुना नेम नव्या पुस्तकात

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, आणि माझा नियम सरळ आहे: २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमधला (मुख्य नियमपुस्तकातला) क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घेतलात, तर २०२० च्या ताशाच्या पूरक पुस्तकातली (‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’) ऐच्छिक फीचर्स, म्हणजे क्लासच्या जादा क्षमता, आपोआप मिळणार नाहीत. रेंजरचं डेफ्ट एक्सप्लोरर, रोगचं स्टेडी एम नव्या क्लासमध्ये आलंच आहे, तिथं वादच नको.

घोळ मंकचा, म्हणजे हातापायांनी लढणाऱ्या क्लासचा. की-फ्यूएल्ड अटॅक (‘की’ पॉइंट खर्चले की बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत, एक हल्ला) आता फुकटचं ओझं. बोनस अॅक्शनचा ठोसा मंकला तसाही मारता येतो, आधी हल्ला केला नसला तरी. पण फोकस्ड एम (हुकलेल्या हल्ल्याच्या बेरजेत दर पॉइंटला २ वाढवणं) नव्या पुस्तकात कुठंच नाही. शत्रूचा एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १६, फाशाची बेरीज आली १३. दोन पॉइंट टाकले की १७, लागला! पाचव्या लेव्हलला हातात असतात पाचच पॉइंट, म्हणजे खेळाडू चांगलाच घाम गाळून ठरवतो. असली गंमत मी का काढून टाकू? जुन्या ‘की’ पॉइंटऐवजी नवं नाव फोकस पॉइंट वाचायचं, एका टर्नला एकदाच वापरायचं, झालं.

पॅलाडिनवाला (पवित्र योद्धा खेळणारा) मात्र फुगून बसलाय. त्याचा स्माइट (दैवी शक्तीचा जादा फटका) आता बोनस अॅक्शन खातो ना.