शंभर यार्डांच्या आत

“माणूस काय भिंतीतनं चालतंय व्हय, मॅडम?”

पानपट्टीवाल्या मावशींनी हे विचारलं तेव्हा मी टेप गुंडाळत होते. प्रश्न रास्त होता. त्यांच्या टपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत गल्लीनं चालत गेलं तर 118 मीटर भरत होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि शंभर यार्ड म्हणजे 91.44 मीटर. त्यांच्या हिशेबानं त्या सुटल्या होत्या. पण नियमाप्रमाणे हे अंतर रस्त्यानं मोजायचं नसतं. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंना सरळ रेषेत मोजायचं, मग मध्ये कुणाचं घर येवो नाहीतर गोठा. कोल्हापूरच्या पेठेतली गल्ली दोनदा वळून तिथंच येते. शाळेची मागची भिंत टपरीपासून चार-पाच घरांवर होती. मोबाइलच्या नकाशावर वरून रेघ ओढली, 64 मीटर. तरी खात्री म्हणून घराघरातल्या बायकांची परवानगी घेऊन परसातून, धुण्याच्या दोऱ्यांखालून आम्ही टेप नेला. टेप 30 मीटरचा, म्हणजे दोन वेळा ओढून वर चार मीटर. बरोबर 64.

या मोजणीचा मला अभिमान आहे. मी तंबाखू नियंत्रण पथकात समुपदेशक आहे, कंत्राटी. पावती फाडायचा अधिकार मला नाही, पण टेप माझ्या पिशवीत असतो. फाटकात उभं राहून नजरेनं “हां, लांब आहे” म्हणणारे लोक मी पाहिलेत. तेवढ्यावर टपऱ्या वर्षानुवर्षं शाळेच्या पाठीला पाठ लावून चालतात, आणि कायदा आहे तसा कागदावर राहतो.

टेपचं शून्याचं टोक भिंतीला धरायला मधल्या सुट्टीतली एक मुलगी पुढं आली. चौथीतली असेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. हलू देऊ नकोस म्हटलं तर तिनं दोन्ही तळवे लावून टोक भिंतीला दाबून धरलं. “शंभर यार्ड म्हंजे किती वो?” तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझी एकशेऐंशीएक पावलं. ती लगेच मनात काहीतरी मोजायला लागली. पोरगी हुशार आहे, एवढं तेव्हाच लक्षात आलं होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावर होतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत, तरी रोज कुणीतरी फलकाखालीच विडी पेटवतो. एकाला धरलं. त्यानं नेहमीचं वाक्य टाकलं, “आधी कारखानं बंद करा की, मग आम्हाला धरा.” बाकावरच्या बायकांनी आमचीच बाजू घेतली. एक म्हणाली, “दोनशेच? पाचशे घ्या मेल्याकडनं, लेकरू खोकतंय माझं.” धुराच्या बाबतीत लोक आमच्या बाजूचे असतात. याचं श्रेय कायद्याला द्यायलाच हवं. वीस वर्षांपूर्वी एसटीत विडी ओढणाऱ्याला कुणी हटकत नव्हतं.

पण पावती लिहून होते न होते तोच शेजारच्या आजोबांनी चंची सोडली, चुना लावून तंबाखू मळला आणि तळहात आमच्या हवालदारांपुढे धरला. “घ्या साहेब, दमलासा.” हवालदार माझ्याकडं बघून नको म्हणाले. त्या बायकांपैकी कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. आमच्याकडं अनोळखी माणसाकडं पाणी मागायला एकवेळ लाजतील, तंबाखूची चिमूट मागायला नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे 4 टक्क्यांच्या आत होते, आणि तोंडात तंबाखू धरणारे 24 टक्क्यांच्या आसपास. बसस्थानकावर लागू होणारं तंबाखू कायद्याचं कलम 4 फक्त धुराचं आहे. म्हणजे आमची सकाळ ज्या चौघांमागं जाते, त्यांच्या शेजारी बसलेले चोवीस जण आम्हाला शाबासकी देत असतात.

दुपारी टपरीवर परत. मावशींना दंड झाला, दोनशे रुपये. चिडल्या, पण त्यांनी पैसे दिले. सही करता करता म्हणाल्या, “टपरी हलवतो, पण गिऱ्हाईक कोण हाय ते बी बघून जावा.” शाळा तेवढ्यात सुटली होती. मी निघतच होते, आणि तीच लाल रिबिनीवाली मुलगी दप्तर घरी टाकून दहाची नोट घेऊन आली. “तंबाखूची पुडी. आज्जीला मशेरीला.”

मावशींनी नोट परत तिच्या हातात कोंबली आणि माझ्याकडं बोट केलं. “ह्या बाईंना इचार.” मुलगी रडवेली झाली. पुडी नेली नाही तर आज्जीचं डोकं दुखतं, असं म्हणाली. अठराच्या आतल्याला विकणं गुन्हा, हे त्या बाईला पाठ होतं. रोज विकत होती हेही उघड होतं. मला तेव्हा टपरीचं काहीच वाटलं नाही. मी मुलीबरोबर घरी गेले.

एका खोलीचं घर. आजी साठी ओलांडलेल्या, माहेर निपाणीचं. पोरवयापासून तिथल्या वखारीत तंबाखू चाळायला जात होत्या. 1981 साली शरद जोशींचं तंबाखूचं आंदोलन झालं तेव्हा रस्त्यावर बसलेली माणसं त्यांनी पाहिलेली. “त्या धुळीत जलम गेला, बाई,” म्हणाल्या. मी विचारलं, तंबाखू खाता का? त्या दुखावल्याच. “आवं, आयुष्यात खाल्ला न्हाई! मी दात घासतो.” हा धडा मी पहिल्याच वर्षी शिकले होते आणि त्या दिवशी विसरले. आमच्या भागात बाईला तंबाखूचं विचारायचंच नाही, मशेरी लावता का असं विचारायचं. ती दिवसातून किती वेळा, आणि बोट तोंडात किती वेळ, हे त्यानंतर. आजींचं उत्तर: पाच वेळा. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. कायद्याच्या परिशिष्टात दहाव्या क्रमांकावर तंबाखूयुक्त दंतमंजन लिहिलेलं आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेली काळी पूड कुठल्याही बाईला, आजीला त्या यादीतली वाटत नाही.

त्यांनी तोंड उघडलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला नखाएवढा पांढरा चट्टा. मी कापसाच्या जाळीनं पुसून पाहिला. गेला नाही. पुसून जाणारा चट्टा वेगळा आणि न जाणारा वेगळा, एवढं मला शिकवलेलं आहे. पुढचं डॉक्टरांनी ठरवायचं. सीपीआरमध्ये, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात, दातांच्या विभागात दाखवा म्हणून मी चिठ्ठी लिहिली. निकोटिनचा गम सुचवायची माझी सवय आहे, पण दाढा नसलेल्या माणसाला चघळा काय म्हणून सांगणार?

मी लिहीत असताना मुलीनं डब्यात उरलेला तंबाखू तव्यावर टाकला होता. मला ठसका लागला तेव्हा कळलं. पाठमोरी बसून ती उलथन्यानं हलवत होती. तंबाखू आधी तपकिरी झाला, मग कडेनं काळा पडायला लागला, तशी तिनं आच बारीक केली. “लई जाळली की राख हुती,” ती मला समजावून सांगायला लागली, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी. “कच्ची ऱ्हायली की तोंड भाजतंय. हातानं चुरगाळली की कळतंय.” तवा उतरवला, चिमूट चुरगाळली आणि ती तर्जनीनं आपल्या पुढच्या दातांवरून फिरवली. थुंकली. “झाली, आज्जी.”

आजींनी हात पुढं केला. त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. “तिच्यावानी कुणाला भाजता येत न्हाई,” म्हणाल्या.

मी तेव्हा काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मुलीला चूळ भरायला लावली. तिला जवळ बसवून तिचं बोट पाहिलं, नखाच्या कडेला काळं बसलेलं. रोज चाखतेस? मान हलली. मग डोकं चढतं का? “आधी चढायचं. आता न्हाई.”

यावर कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 77: मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. हवालदार बाहेर दुचाकीवर बसले होते. हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही. आई-बाप इचलकरंजीला कामावर, या दोघीच घरात. आजीला आत घातलं तर त्या मुलीला रात्री जेवायला कोण घालणार? माझ्यासमोर दोनच आकडे होते, टपरीचे दोनशे रुपये आणि आजीची सात वर्षं, आणि मला हवं होतं ते या दोन्हींत कुठंच नव्हतं. संध्याकाळी वरून नेहमीसारखा निरोप आला, कारवाईचे फोटो ग्रुपवर टाका. मी टेपचा फोटो टाकला. मुलगी भिंतीला टोक धरून उभी असलेला चांगला आला होता, तो टाकवला नाही.

सहकाऱ्यांना सांगितलं तर एक म्हणाले, मशेरी काय, सगळ्यांच्या आज्या लावायच्या, एवढं मनाला लावून घेऊ नका. मला त्यांचा राग आला. अजून आहे.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. आजी सीपीआरला गेल्या नव्हत्या. मशेरी तीनवर आणली म्हणाल्या, तोंड लगेच धुते म्हणाल्या; मी विश्वास ठेवला. टपरी खरंच उठली होती, नुसत्या चार विटा उरल्या होत्या. मला बरं वाटलं. मग तंबाखू कुठून येतो, असं विचारलं. मुलीनं मोठ्या रस्त्याच्या पलीकडं हात केला, ट्रक जातात त्या रस्त्याच्या.

“तिकडची टपरी चालती, मॅडम. मी भिंतीपासनं पावलं मोजली. दोनशे चाळीस झाली.”

सोमवारची मी रजा टाकली आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे, नऊ वाजता दोघींना घेऊन सीपीआरला जायचं.