सराफ बाजारातला ‘ल’

नाशकात काळाराम मंदिर, गोदाघाट, झणझणीत मिसळ हे सगळं यथासांग झालं. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे तिथलं काही सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते एका पेंटरकाकांबद्दल.

सरकारवाड्यावरून सराफ बाजारात शिरलो तर भांड्यांच्या एका दुकानाची पाटी रंगवणं चाललं होतं. काकांनी खडू लावलेली दोरी ताणून सोडली आणि निळ्या पत्र्यावर शिरोरेघेची आखणी उमटली. मग चपटा ब्रश जरा तिरका धरून ‘ल’ काढला. वळणावर रेघ भरली, सुटताना बारीक झाली, अगदी बोरूने काढल्यासारखी. ‘ल’ आपला, पाकळीचा.

शेजारीच मोबाईलच्या दुकानाचा फ्लेक्स. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, ‘ल’ हिंदी वळणाचा, ‘क्ष’चा नुसता गोळा. शासनाने २००९ साली पाकळीचा ‘ल’ ठरवून दिलाय म्हणे. फ्लेक्सवाल्याला त्याचं काय! डोकंच फिरलं माझं.

पण राग काढायचा कुणावर? पोटापाण्यासाठी मीही ग्राफिक डिझाइनच करतो, आणि आमच्या धंद्याचे गुरू स्विस. हेल्वेटिका हा रोमन अक्षरांचा, जवळपास एकाच जाडीच्या रेघांचा टाइप १९५७चा, एड्रियन फ्रुटिगरांचा तसाच युनिव्हर्सही त्याच साली आलेला. आखीव ग्रिड, नक्षीला फाटा. १९६१ला अहमदाबादेत एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली आणि ही शिस्त आपल्याकडे रुजली. बासेलचे डिझायनर आर्मिन हॉफमन तिथे शिकवून गेले. खुद्द फ्रुटिगर आले, तिथल्या महेंद्र पटेलांबरोबर देवनागरीवर काम करून गेले. त्या शिस्तीचे उपकार मोठे आहेत. एनआयडीच्याच शेखर कामतांनी केलेलं स्टेट बँकेचं निळं बोधचिन्ह पासबुकावर जितकं स्वच्छ दिसतं, तितकंच इमारतीवर.

घोळ होतो तो रेघांची ती एकसारखी जाडी देवनागरीला सरसकट लावली की. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘ष्ट्र’ला रेघ बारीक करायची मुभाच नसेल तर आत पांढरं उरणार कुठून? आर. के. जोशी सुलेखनातून टाइपकडे आले, त्यांना हे नेमकं ठाऊक होतं. टाइप घडवणारे आजही याचा विचार करतात. पण फ्लेक्सच्या दुकानात अक्षर निवडणारा तिसराच असतो, आणि त्याला घाई असते.

“काका, ‘ल’ असाच काढता नेहमी?”

“मग कसा काढू?” वर बघितलंसुद्धा नाही त्यांनी. थोड्या वेळाने म्हणाले, “फ्लेक्स दोन पावसाळ्यांत उडतो. पण स्वस्त पडतो ना.”

पाट्या बघायला जाणार असाल तर सकाळी दुकानं उघडायच्या आत जा. नंतर त्या गल्लीत मान वर करून उभं राहणाऱ्याला रिक्षावाले आणि स्कूटरवाल्या काकू मिळून जे ऐकवतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.